परवाना खिशात, विमान जमिनीवर

'फर्लो' हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला मुख्यतः तुरुंगाच्या बातम्यांतून परिचित आहे. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला काही काळ घरी जाण्यासाठी मिळणारी संचित रजा, असा त्याचा तेथील अर्थ. इंग्रजी अमदानीत विलायतेला दीर्घ रजेवर निघालेल्या साहेबांच्या संदर्भातही तो येत असे. विमान वाहतुकीच्या व्यवसायात मात्र त्याला तिसराच आणि अधिक कडवट अर्थ आहे. नोकरी कागदावर शाबूत, परंतु काम नाही आणि वेतनही नाही. कंपनी बोलावील तेव्हा हजर व्हावयाचे, तोवर घरी बसावयाचे. अमेरिकेतील कंपन्यांत या रजेला कामगार कराराची चौकट असते. ज्येष्ठतेच्या यादीत जो सर्वांत शेवटी दाखल झाला तो प्रथम घरी जातो, आणि परत बोलावण्याची वेळ येते तेव्हा घरी बसलेल्यांपैकी ज्येष्ठाला आधी बोलावणे येते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तेथील हजारो वैमानिक या यादीच्या आधारावर वाट पाहत राहिले. परंतु आपला क्रमांक कितवा, हे तरी त्यांना ठाऊक होते.

आपल्याकडे तशी चौकट नाही. 'बिनपगारी रजा' एवढेच शब्द असतात, आणि पुष्कळदा ती रजा कंपनीच्या अखेरीची पहिली पायरी ठरते. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे थांबली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईस आले आणि १९९३ पासून चाललेला एक व्यवसाय थांबला. २५ मार्च २०२० पासून करोनाच्या साथीमुळे देशांतर्गत प्रवासी उड्डाणे दोन महिने पूर्णतः बंद होती. ती पुन्हा सुरू झाली तरी प्रवासी बेताचेच होते. एअर इंडियाने त्याच वर्षी जुलैमध्ये सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लांबू शकणाऱ्या बिनपगारी रजेची योजना काढली, तर इंडिगोच्या वैमानिकांच्या वाट्याला दर महिन्याला काही बिनपगारी दिवस आले. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पाइसजेटने सुमारे ८० वैमानिकांना तीन महिन्यांसाठी विनावेतन घरी पाठविले. आणि ३ मे २०२३ रोजी, इंजिनांच्या पुरवठ्याअभावी निम्मी विमाने उभी असल्याचे कारण देऊन, गो फर्स्टने आपली सर्व उड्डाणे रद्द केली. ती पुन्हा सुरू झालीच नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला.

याच व्यवसायाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. गो फर्स्ट बंद पडण्याच्या तीन महिने आधी एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली होती आणि बंद पडल्यानंतरच्या महिन्यात इंडिगोने ५०० विमानांची. डिसेंबर २०२५ च्या आरंभी तर चित्र पूर्ण उलटे झाले. वैमानिकांच्या विश्रांतीचे व रात्रीच्या उड्डाणांचे नवे नियम लागू झाल्यावर पुरेसे वैमानिक हाताशी नसल्याने इंडिगोला काही दिवसांतच हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. ज्यांना २०२० मध्ये घरी बसविले होते, त्यांच्याच वाचून २०२५ मध्ये विमाने अडली. तेजी येते, हे निश्चित. ती केव्हा येईल, हे कोणीच सांगू शकत नाही. मधल्या सहा महिन्यांत, वर्षात, कधी दोन वर्षांत वैमानिकाने आणि त्याच्या घराने काय करावे, हा प्रश्न उरतो.

अलीगंजमधील एक घर

हा प्रश्न मुंबई-पुण्याबाहेर कसा दिसतो, हे पाहण्यासाठी लखनौचे उदाहरण घेऊ. गोमतीच्या उत्तरेस अलीगंज ही निवृत्त नोकरदारांची जुनी वसाहत. केंद्र सरकारची कार्यालये असलेले केंद्रीय भवन तेथेच, आंचलिक विज्ञान नगरी तेथेच आणि ज्येष्ठातल्या मंगळवारी ज्याच्यासमोर गर्दीचा पूर लोटतो ते जुने हनुमान मंदिरही तेथेच. लखनौ आणि मराठी माणूस यांचे नाते नवे नाही. १९२६ मध्ये तेथे निघालेल्या संगीत महाविद्यालयाच्या स्थापनेत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा मोठा वाटा होता, आणि पुढे सरकारी नोकरीच्या निमित्ताने गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथेच स्थिरावली.

अशा एका कुटुंबाची कल्पना करावी. वडील केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त, निवृत्तिवेतन बेताचे. मुलगा बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन उत्तीर्ण झाला आणि लखनौपासून मोटारीने दोन तासांच्या अंतरावर असलेल्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीत दाखल झाला. दोनशे तासांचे उड्डाण पूर्ण करून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला, नंतर एअरबस ए-३२० चे टाइप रेटिंग घेतले. घर तारण ठेवून काढलेल्या कर्जापैकी ४० लाख रुपये अजून फेडावयाचे आहेत. मे २०२३ मध्ये तो गो फर्स्टमध्ये सहवैमानिक होता. त्या महिन्यात अलीगंजच्या रस्त्यांवर बडा मंगलचे भंडारे लागलेले असताना, पुरी-भाजीच्या रांगेत शेजारी सहज विचारतात, "भैया, छुट्टी पर आए हैं?" या प्रश्नाला खरे उत्तर देणे सोपे नसते. (फुरसतगंज या नावातील विनोद अशा वेळी कोणालाही सुचेल, घरच्यांना तो सुचत नाही.)

हे घर कल्पनेतील असले तरी त्याची अडचण कल्पनेतील नाही. दोन घड्याळे त्या घरात एकाच वेळी चालू असतात. एक बँकेच्या हप्त्याचे आणि दुसरे परवान्याचे. पहिले घड्याळ सर्वांना ऐकू येते. दुसऱ्याकडे बहुधा दुर्लक्ष होते, आणि तेथेच मोठे नुकसान होते.

परवाना म्हणजे पदवी नव्हे

अभियंत्याची किंवा डॉक्टरची पदवी वर्षभर घरी बसल्याने जात नाही. वैमानिकाचा परवाना मात्र वापरात ठेवावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मधील नियमबदलाने व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली, हे खरे. परंतु त्या परवान्याने प्रत्यक्ष विमान चालविण्याचा अधिकार इतर अनेक मुदतींवर अवलंबून असतो. प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी सर्वसाधारणपणे दर बारा महिन्यांनी, आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी करावी लागते. मागील नव्वद दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झालेली नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. उपकरणांच्या साहाय्याने उड्डाण करण्याचे रेटिंग वर्षभराचे, तर प्रावीण्याची चाचणी सहामाही. या चाचण्या सिम्युलेटरवर होतात, आणि नोकरीत असताना त्यांचा खर्च, प्रवास, वेळापत्रक हे सारे कंपनी पाहते. कंपनी थांबली की ते सारे वैमानिकाच्या अंगावर येते. लखनौत राहणाऱ्याला त्यासाठी गुरुग्राम किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते.

मुदत उलटली म्हणजे सर्व संपले असे नाही. फेरप्रशिक्षण घेऊन अधिकार परत मिळविता येतात. परंतु जितका खंड मोठा तितके ते प्रशिक्षण लांबते आणि महागते. तेजीच्या काळात नवी कंपनी मुलाखतीला बोलावते तेव्हा ज्याच्या चाचण्या चालू आहेत त्याला ती आधी घेते, यात आश्चर्य नाही. म्हणून मधल्या काळासाठी कोणतेही काम निवडताना पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. त्या कामात उड्डाणाचे तास वाढतात काय? वैद्यकीय तपासणी आणि सिम्युलेटरच्या चाचणीसाठी त्यातून वेळ व पैसा निघतो काय? आणि बोलावणे आले तर महिन्याभरात त्यातून मोकळे होता येते काय? ज्या कामाला तिन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी येते ते काम वाईट असते असे नाही. पण ते स्वीकारणारा वैमानिक व्यवसाय बदलत आहे, हे त्याने आणि घराने समजून उमजून ठरवावे.

शिकविण्याची वाट

या कसोटीला सर्वांत चांगले उतरणारे काम म्हणजे उड्डाण-प्रशिक्षकाचे. विमान कंपनीतील वैमानिकाला ते पुष्कळदा पायरी उतरल्यासारखे वाटते. एकशेऐंशी प्रवाशांचे जेट चालविलेल्याने पुन्हा चार आसनांच्या सेसनात, घाबरलेल्या विद्यार्थ्याशेजारी बसावयाचे! परंतु देशातील उड्डाण-संस्थांची तक्रार वर्षानुवर्षे एकच आहे : विमाने आहेत, विद्यार्थी आहेत, प्रशिक्षक पुरेसे नाहीत. त्यासाठी आधी सहायक उड्डाण-प्रशिक्षकाचे आणि नंतर पूर्ण प्रशिक्षकाचे रेटिंग घ्यावे लागते. त्याचे वेगळे प्रशिक्षण आहे, परीक्षा आहे, आणि लहान विमानावरचा हात पुन्हा बसवावा लागतो. उतरताना मोठ्या विमानाची सवय लहान विमानात घातक ठरू शकते, हे जुने प्रशिक्षक सांगतातच.

त्यातील मोठा लाभ वेतनाचा नाही. प्रशिक्षक म्हणून केलेले तास विमानाच्या प्रमुख वैमानिकाचे तास म्हणून नोंदले जातात. सहवैमानिकाच्या नोंदवहीत नेमकी याच तासांची वाण असते. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरिष्ठ परवान्याला एकूण १५०० तास हवेत आणि त्यांत प्रमुख वैमानिक म्हणून केलेल्या तासांना विशेष महत्त्व आहे. म्हणजे ज्या वर्षी नोकरी नव्हती ते वर्ष पदोन्नतीच्या खात्यात जमा होऊ शकते. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवावी. सेसनावर कितीही उडाले तरी एअरबसचे रेटिंग त्याने जिवंत राहत नाही. ती चाचणी वेगळीच द्यावी लागते.

अशा संस्था आता पूर्वीपेक्षा अधिक आहेत. फुरसतगंज तर अलीगंजच्या उंबरठ्यावरच आहे. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी येथे मोठी राष्ट्रीय संस्था आहे. बारामती, धुळे, नागपूर येथे उड्डाण-प्रशिक्षण चालत आले आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये ज्या पाच विमानतळांवर नव्या उड्डाण-संस्थांना जागा दिल्या त्यांत जळगाव, बेळगाव आणि कलबुर्गी ही तीन नावे मराठी वाचकाच्या घरची आहेत. अमरावतीजवळ बेलोरा येथे स्वतःची प्रशिक्षण अकादमी काढण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. लखनौच्या मुलाने जळगावला खोली घेऊन राहावे, हे आई-वडिलांना प्रथम रुचत नाही. परंतु वैमानिकाचे घर असेही सुटकेसमध्येच असते.

शिकविण्याची दुसरी तऱ्हा जमिनीवरची. परवान्यासाठी विद्यार्थ्याला हवाई नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषय यांच्या परीक्षा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे द्याव्या लागतात. रेडिओ-दूरध्वनीची परीक्षा वेगळी. या विषयांचे वर्ग चालविणाऱ्या संस्थांना अनुभवी शिक्षक हवे असतात, आणि २०२० नंतर हे वर्ग दूरस्थ पद्धतीनेही मोठ्या प्रमाणावर चालू लागले. अलीगंजच्या घरातील एका खोलीतून नागपूरच्या किंवा कोचीच्या विद्यार्थ्याला नेव्हिगेशन शिकविता येते. उत्पन्न अनियमित, पण हप्त्याला हातभार लागतो. आणि शिकविता शिकविता स्वतःचा विषय पुन्हा पक्का होतो, जो पुढच्या मुलाखतीत विचारला जाणारच असतो.

कॅप्टन झालेल्यांना आणखी काही दारे उघडी असतात. सिम्युलेटरवरील प्रशिक्षक, विमान कंपन्यांच्या सुरक्षा व प्रशिक्षण विभागांतील पदे, महासंचालनालयाने कराराने नेमावयाचे उड्डाण-निरीक्षक ही कामे अनुभवाची किंमत करणारी आहेत. सहवैमानिकाला ती सहसा मिळत नाहीत. त्याच्यासाठी उड्डाण-नियंत्रण कक्षातील डिस्पॅचरचे काम आहे. मार्ग, इंधन, हवामान, वजन यांचा हिशेब मांडून उड्डाणाचा आराखडा तयार करणे, हे वैमानिकाला परके नसते, मात्र त्यालाही वेगळी मान्यता लागते. खासगी उद्योगांची व राज्य सरकारांची छोटी विमाने, हवाई रुग्णवाहिका यांच्याकडे जागा थोड्या असतात आणि विमानाचा प्रकार वेगळा असल्याने पुन्हा टाइप रेटिंगचा खर्च उभा राहतो. तो लाखांत असतो. कर्ज डोक्यावर असताना दुसरे कर्ज काढून हे रेटिंग घेण्यापूर्वी नेमणुकीचे पत्र हातात असावे. आखाती किंवा आग्नेय आशियातील कंपन्या चांगले वेतन देतात, पण त्या विशिष्ट विमानावरील भरपूर तास मागतात.

ड्रोनविषयी हल्ली फार बोलले जाते. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर या क्षेत्राला चालना मिळाली हे खरे, आणि हवाई क्षेत्राची व हवामानाची जाण असलेल्या माणसाला त्यात प्रशिक्षक म्हणून स्थान मिळू शकते. तथापि दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र दहावी उत्तीर्ण व्यक्तीलाही मिळते. पन्नास लाख खर्चून घेतलेल्या परवान्याला तेथे वेगळा भाव नाही, ही वस्तुस्थिती जाहिराती सांगत नाहीत.

पदवी नसलेला वैमानिक

या साऱ्यात एक अडचण अशी आहे, की जिची चर्चा प्रवेशाच्या वेळी कोणीच करीत नाही. वैमानिक होण्यास बारावी पुरते. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी उड्डाणाकडे वळलेल्या अनेकांकडे पदवी नसते. नोकरी चालू आहे तोवर तिची आठवणही होत नाही. विमाने थांबली की लक्षात येते, की बँकांच्या, केंद्र व राज्य लोकसेवा आयोगांच्या, बहुतेक खासगी कंपन्यांच्या परीक्षांचा पहिला रकानाच रिकामा राहतो. म्हणून बिनपगारी रजेच्या काळातील सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ गुंतवणूक म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांच्यासारख्या संस्थेत नाव नोंदविणे. पदवी एका वर्षात होणार नाही. परंतु पुन्हा उड्डाण सुरू झाल्यावरही ती चालू ठेवता येते, आणि पुढच्या मंदीत ती हाताशी असते. मुलाला या क्षेत्रात पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनी तर पदवी आणि परवाना बरोबरीने देणाऱ्या अभ्यासक्रमांची आधीच चौकशी करावी. फुरसतगंजला आता राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठही आहे.

व्यवसायाच्या पूर्ण बाहेर गेलेल्यांच्या कथा करोनाच्या काळात पुष्कळ छापून आल्या. मलेशियात एका कॅप्टनने गणवेश घालूनच खाद्यपदार्थांचा ठेला चालविला, त्याचे छायाचित्र जगभर गेले. ब्रिटनमध्ये घरी बसलेल्या विमान कर्मचाऱ्यांनी रुग्णालयांत दमलेल्या डॉक्टर-परिचारिकांसाठी विश्रांतीकक्ष चालविले. त्यात पैसा नव्हता, पण माणसे घराबाहेर पडली, आणि महिनोन्महिने रिकामे बसलेल्याला तेही थोडे नसते. आपल्याकडे जेट एअरवेजमध्ये वैमानिक राहिलेले अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडले, आणि २०१९ मध्ये त्याच्या चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळविली. हे उदाहरण अभिमानास्पद खरे, पण घरी बसलेल्या वैमानिकाला ते उत्साहाच्या भरात ऐकविले जाते तेव्हा एक गोष्ट विसरली जाते. ते काम नोकरी चालू असताना सुरू झाले होते आणि त्याला अनेक वर्षे लागली. हप्ता पुढच्या महिन्यात येतो.

हप्त्याचे घड्याळ

हप्त्याच्या संदर्भात काही आकडे पाहू. ४० लाखांचे कर्ज, व्याजदर समजा १० टक्के, मुदत १५ वर्षे. तर मासिक हप्ता सुमारे ४३ हजार रुपये होतो. बँकेने एक वर्ष हप्त्याची सवलत दिली आणि त्या काळातील व्याज मुद्दलात मिळविले, तर वर्षअखेर मुद्दल ४४ लाख १९ हजारांच्या आसपास जाते, आणि पुढील १५ वर्षांचा हप्ता साडेसत्तेचाळीस हजार होतो. एका वर्षाची ही सवलत अखेरीस सुमारे आठ लाख रुपयांना पडते. त्याऐवजी वर्षभर फक्त व्याज, म्हणजे महिना ३३ हजारांच्या आसपास भरत राहिले, तर मुद्दल ४० लाखांवर स्थिर राहते, आणि जादा बोजा चार लाखांचाच पडतो. वडिलांचे निवृत्तिवेतन आणि मुलाचे शिकविण्याचे उत्पन्न मिळून एवढी रक्कम निघत असेल, तर पूर्ण सवलतीपेक्षा हाच मार्ग हितावह ठरतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांसाठी हप्त्यांना स्थगिती देण्याची मुभा दिली होती. तीतही व्याज थांबलेले नव्हते, याचा अनेकांना नंतर उलगडा झाला.

हे सारे बँकेच्या शाखेत बोलावयाचे असेल तर पहिला हप्ता थकण्यापूर्वी बोलावे. थकबाकी नव्वद दिवसांवर गेली की खाते अनुत्पादक ठरते, कर्जदाराच्या पतनोंदीवर त्याचा डाग बसतो, आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हाती फारसे काही राहत नाही. जेटमध्ये २०१९ च्या आरंभापासूनच वैमानिकांचे वेतन थकत गेले होते. वेतन दोनदा उशिरा आले, की शाखेत जाण्याची वेळ झाली असे समजावे. कंपनी पूर्ण बंद पडण्याची वाट पाहू नये. कर्ज शैक्षणिक असेल तर जुन्या कररचनेत व्याजाची वजावट परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षे मिळते. उत्पन्न नसलेल्या वर्षी तिचा उपयोग नसतो, एवढेच.

बहुतेक वैमानिक परवाना गमावण्याचा विमा उतरवितात आणि अडचणीच्या वेळी घरच्यांना वाटते, की आता तो कामी येईल. तो येत नाही. हा विमा आजारपणामुळे किंवा अपघातामुळे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्यासच मिळतो. कंपनीने घरी बसविल्यास नाही. तरीही पैशाची ओढाताण आहे म्हणून त्याचा हप्ता चुकवू नये. रिकामेपणात वजन वाढते, रक्तदाब वाढतो, झोप बिघडते, आणि पुढची वैद्यकीय तपासणी तशीच समोर येते.

थकलेल्या वेतनाचा प्रश्न वेगळा. दिवाळखोरी संहितेखाली प्रकरण दाखल झाले, की जाहीर सूचनेतील मुदतीत कर्मचाऱ्याने 'फॉर्म डी' भरून आपला दावा नोंदवावा लागतो. नियुक्तिपत्र, वेतनाच्या पावत्या, बँकेचे खातेउतारे त्यासाठी लागतात. कंपनीचा संगणक बंद होण्यापूर्वी ते उतरवून घेतलेले बरे. अवसायनात पैशाच्या वाटपाचा क्रम कलम ५३ ठरवते. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची शेवटच्या बारा महिन्यांची देणी तारणी सावकारांच्या मागे येतात. जेटच्या बाबतीत एप्रिल २०१९ मध्ये विमाने थांबली, आणि सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला तो ७ नोव्हेंबर २०२४ रोजी. हा दावा अवश्य करावा. त्या पैशांवर घरखर्चाचा हिशेब मात्र मांडू नये.

थांबावे की जावे

कंपनी पूर्ण बंद पडलेली नसते तेव्हा निर्णय अधिक अवघड असतो. गो फर्स्टने आपले वैमानिक टिकावेत म्हणून जून २०२३ पासून कॅप्टनला महिना १ लाख आणि सहवैमानिकाला ५० हजार रुपये जादा भत्ता देऊ केला होता. तरीही वैमानिक जात राहिले, आणि पुढे जे झाले ते पाहता त्यांचे चुकले नाही. जाताना नियम मात्र पाहावे लागतात. महासंचालनालयाच्या २०१७ मधील नियमानुसार कॅप्टनला बारा महिन्यांची व सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. कंपनीने ना-हरकत दिल्यास ती कमी होते. २०२३ मध्येच पूर्वसूचनेचा काळ पुरा न करता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध अकासा एअरने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. म्हणून वेतन थकलेल्या वैमानिकानेही राजीनामा व ना-हरकत यांचा पत्रव्यवहार लेखी ठेवावा, आणि मधल्या काळातील प्रशिक्षकाची नोकरी स्वीकारताना तिच्या करारात दोन-तीन वर्षांचे बंधपत्र नाही ना, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

कोणत्या विमानाचे रेटिंग हाती आहे, यावरही वाट पाहण्याचा काळ ठरतो. २०१९ मध्ये जेटच्या बोइंग ७३७ वरील वैमानिकांना स्पाइसजेटने घेतले, कारण तिची विमाने त्याच जातीची होती. २०२३ मध्ये ए-३२० वाल्यांसाठी इंडिगो आणि एअर इंडिया यांची दारे उघडी होती. अलीगंजमधील आपल्या सहवैमानिकाच्या दृष्टीने ही जमेची बाजू. त्याने जून महिन्यात सहायक प्रशिक्षकाच्या रेटिंगची तयारी सुरू केली, संध्याकाळी दूरस्थ वर्गात नेव्हिगेशन शिकविले, बँकेकडून वर्षभर फक्त व्याज भरण्याची सोय करून घेतली आणि वैद्यकीय तपासणीची तारीख चुकविली नाही, तर इंडिगोच्या मुलाखतीचे पत्र येते तेव्हा त्याला फक्त ग्रेटर नोएडाच्या सिम्युलेटरची वेळ ठरवावी लागते. त्या एका चाचणीचे पैसे वडिलांनी वेगळ्या आवर्ती ठेवीत बाजूला ठेवलेले असतील, तर त्यासाठी पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागत नाही.